तांबड्या गाईसमोर

माणूस पाठमोरा असला तरी मानेवरून ओळखता येतो, निदान खाटकाच्या मुलीला तरी. अफ्रा लॉइब्ल ब्रियेनर रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालली होती. चालली होती म्हणजे सहज चालल्यासारखं करत होती. चित्रांचं प्रदर्शन लागल्यापासून ती रोज दुपारी अशीच सहज ह्या रस्त्याने जायची, दालनाच्या मोठ्या काचेतून तिरप्या नजरेने आत बघायची, आपल्या चित्रासमोर उभं राहून आज कोण हसतंय ते पाहून घ्यायची आणि पुढे निघून जायची. चौतिशीतल्या बाईने असं लपूनछपून स्वतःचंच चित्र बघायला यावं ह्याची तिची तिलाच गंमत वाटे, पण पाय वळायचेच. आज काचेपलीकडे, तिच्या तांबड्या गाईसमोर, एक रुंद पाठ उभी होती. काळा कोट. कोटाच्या वर जाड, तांबूस मान, मानेवर दोन वळ्या, आणि वळ्यांच्या वर खालची कातडी दिसावी इतके बारीक कापलेले पांढरे केस. हॅट काढून छातीशी धरलेली, चर्चमध्ये धरतात तशी. ते बाबा होते. क्विरिन लॉइब्ल, कत्तलखान्याच्या वस्तीतले खाटीक, गुरुवारच्या भरदुपारी रविवारचा कोट घालून म्युनिकच्या ह्या भागात आले होते, आणि त्यांच्या आयुष्यात त्यांना इथे कधी काही काम पडलं नव्हतं.

रस्ता ओलांडून आत जायचं, एवढंच करायचं होतं. ती हललीच नाही. कोपऱ्यावर भाजलेले चेस्टनट विकणारा एक इटालियन शेगडी फुंकत बसला होता. त्याच्याकडून तिने एक पुडी घेतली, म्हणजे तिथे उभं राहायला निमित्त झालं. पुडीची ऊब हातमोज्यातून हाताला लागत होती. नोव्हेंबरचं मळकट ऊन समोरच्या काचेवर पडलं होतं, त्यामुळे मधूनच आतली पाठ दिसेनाशी होई आणि तिच्या जागी अफ्राला स्वतःचीच लांबोडकी आकृती दिसे. एखादा ढग आला की पुन्हा पाठ. बाबा हलत नव्हते. बाकीची माणसं येत होती, हसत होती, एकमेकांना कोपराने ढोसत होती, पुढे जात होती. बाबांना उभं राहायची सवय होती. आयुष्यभर ते उभेच होते.

तिला शाबासकी नको होती. एवढी ती भाबडी नव्हती. तिला त्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता, चांगला नाही तर वाईट, पण चित्राबद्दलचा. महिन्यातल्या एका रविवारी ती त्यांच्याकडे जेवायला जाई. आई गेल्यापासून ते स्वतःच रांधत, आणि बरं रांधत. गुरांच्या तापाबद्दल बोलणं होई, शेजारणीच्या गुडघ्यांबद्दल, हल्ली बिअर कशी पाणचट झालीय त्याबद्दल. तिच्या चित्रांचा विषय जवळपास जरी आला तरी बाबा पाव कापायला घेत. पाव आधीच कापलेला असला तर आणखी कापत. मनात काय आहे, ताकास तूर लागू देत नसत. थेक्ला तिला म्हणे, तुझं डोकं फिरलंय. थेक्ला म्हणजे शेलिंग रस्त्यावरच्या माडीवर तिच्यासोबत राहणारी, उत्तरेकडच्या पाद्र्याची मुलगी. ती फुलं रंगवायची आणि तोंडाने फटकळ होती. गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांना तुझी चित्रं कळत नाहीत, म्हणे, आणि तू एका खाटकाच्या मताची वाट बघत बसलीयेस. अफ्राला हे पटवून देता येत नसे. शहाण्यासुरत्या माणसांनी जनावर पाहिलंच कुठे होतं? ताटात पाहिलं असेल. स्वतःशिवाय दुसरं एकच माणूस तिला ठाऊक होतं ज्याने जन्मभर, रोज, अगदी जवळून जनावर पाहिलं होतं, आणि ते माणूस पाव कापत बसे.

तिचं सगळं शिक्षण त्याच माणसाच्या हाताखाली झालं होतं. दुकानातल्या काळ्या फळ्यावर आज काय मिळेल ते खडूने लिहिलेलं असे. लिहिता येण्याआधीच अफ्रा त्याच्या कडेला डुकरं आणि वासरं काढी, आणि गिऱ्हाइकं म्हणत, क्विरिन, पोरीचं वासरू तुझ्या वासरापेक्षा ताजं दिसतंय. ती जरा मोठी झाल्यावर बाबा तिला गुरांच्या बाजारात घेऊन जाऊ लागले. मुलगा नव्हता, मुलगीच होती, म्हणून मुलीला. तिथे त्यांनी तिला पकड शिकवली. खाटीक जनावर विकत घेताना त्याच्याकडे नुसतं बघत नाही, त्याच्यावर हात टाकतो. शेपटीच्या मुळाशी बोटं दाबायची. मग कमरेच्या हाडावर. मग मागच्या मांडीपुढे कातडीची जी घडी असते ती मुठीत धरायची. मग शेवटच्या बरगड्या, मग खांद्यामागे, मग गळ्याखालची पोळी. चरबी कुठे आहे, मांस किती आहे, हाड केवढं जड आहे, सगळं हाताला कळतं. बाबा डोळे अर्धवट मिटून हात टाकत आणि वजन सांगत, आणि काट्यावर तेच भरे. गुरांचे दलाल त्यांना मानत. तिचा छोटा हात ते आपल्या हाताखाली धरून जनावरावर फिरवत आणि म्हणत, “दाबून बघ. लाजू नको. ते काही म्हणत नाही.” कातडी गरम असे, खाली काहीतरी थरथरे, आणि तिच्या हाताला मांसाऐवजी ती थरथरच लागे. हे ती त्यांना कधी बोलली नाही, कारण विचारलं होतं ते वजन. ती अंदाजे काहीतरी सांगून टाकी आणि बहुतेक चुके.

पुढे चित्रकला शिकायला ती मुलींच्या शाळेत गेली. मोठ्या अकादमीत बायकांना दारातून आत घेत नसत, फक्त अंगावर कपडे न घालता मॉडेल म्हणून बसायला घेत. तिथल्या प्राध्यापकांनी तिला तपकिरी रंग शिकवला. तपकिरीचे एवढे प्रकार असतात हे तिला आधी ठाऊक नव्हतं. गाय तपकिरी, गाईची सावली गडद तपकिरी, गोठा काळपट तपकिरी, आणि उजेड म्हणजे तपकिरीत थोडं पिवळं. गुरांचे स्नायू आणि हाडं ती इतरांपेक्षा झरझर शिकली, कारण ती तिला आतून माहीत होती. बाकीच्या मुली मेणाचा नमुना बघून काढत, ही डोळे मिटून काढी. प्राध्यापक म्हणत, लॉइब्लबाईंच्या गाईला हात लावला तर हंबरेल. अफ्राला मनातून वाटे, नाही, हिला हात लावला तर वजन कळेल. त्याच सुमाराला तिने बाबांच्या दुकानासाठी बैलाच्या डोक्याची पाटी रंगवली, एकूण एक केस दिसेल अशी. बाबा दिवसातून अनेकदा रस्त्यावर जाऊन ती बघून येत. ते एकदाच तिच्या चित्राबद्दल बोलले. “डावं शिंग जरा आखूड आहे,” म्हणाले, “पण तसे असतात.” त्या वाक्यावर ती वर्षभर जगली.

मग ते बिघडलं, किंवा सुधारलं. कोणाला विचाराल त्यावर आहे. प्राध्यापक म्हणाले बिघडलं. उन्हाळ्यात रंगवायला म्हणून ती आणि थेक्ला डोंगराखालच्या एका गावात खोली घेऊन राहिल्या. पाणथळ कुरणं, त्यात विखुरलेली लाकडी कोठारं, आणि गाई. संध्याकाळी गाई कुरणात नुसत्या उभ्या असत. चरून झालेलं असे, धार काढायला अजून वेळ असे, आणि त्या मधल्या वेळात त्या काहीच करत नसत. अफ्राने कागद घेऊन त्या मधल्या वेळात बसायला सुरुवात केली. पहिले काही दिवस तिचा हात आपोआप शेपटीच्या मुळाशी, कमरेच्या हाडाशी, मांडीच्या घडीशी जाई. पेन्सिलनेसुद्धा ती पकडच बघत होती. हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली. इतकी वर्षं आपण जनावर काढतोय असं समजत होतो आणि काढत होतो वजन. त्या दिवशी तिने पेन्सिल ठेवून दिली आणि नुसती बसून राहिली. अंधारून येऊ लागलं तसे गाईंचे ठिपके, शिंगं, सगळं विरघळायला लागलं. उरलं ते काहीतरी मोठं, गोल, ऊबदार आणि आपल्यातच रमलेलं. त्याला तपकिरी म्हणायचं काही कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने एक पिवळी गाय रंगवली. थेक्ला बघत राहिली आणि म्हणाली, “ही आजारी आहे का?” अफ्रा म्हणाली, “नाही, ही खूश आहे.” त्यावर दोघी इतक्या हसल्या की खालून घरमालकीण काय झालं ते बघायला वर आली, आणि तिने गाय पाहिली, आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

त्यानंतर हिरवी घोडी आली, जांभळ्या मेंढ्या आल्या, निळा बैल आला. जनावराला स्वतःला आतून जसं वाटत असेल तसा रंग, एवढाच तिचा नियम होता. चुकत असेल, पण नियम होता. फक्त एक गोष्ट तिला जमत नव्हती. तिच्या सगळ्या जनावरांनी तोंडं फिरवलेली असत. कोणी डोंगराकडे बघे, कोणी पायाशी, कोणी मान वळवून स्वतःच्या पाठीवर ठेवी. समीक्षकांपैकी एका भल्या माणसाने लिहिलं, ह्या प्राण्यांना आपल्या जगाशी कर्तव्य नाही. छान लिहिलं होतं. खरं कारण साधं होतं, तिला डोळे रंगवायची भीती वाटे. कसली, ते ठाऊक नव्हतं. कुंचला तिथे आला की हात आखडे आणि ती मान फिरवून टाकी.

निळा बैल तिने बाबांना दिला. दुकान उघडून बरीच वर्षं झाल्याचा समारंभ होता, जुन्या पाटीचे पोपडे निघाले होते, तिने हौसेने नवी पाटी केली, पिवळ्यावर निळा बैल. बाबांनी स्वतः शिडी लावून ती टांगली. पहिल्याच सकाळी दारूभट्टीचा गाडीवान गाडी थांबवून विचारता झाला, क्विरिन, तुझा बैल थंडीनं गारठला का? ते हसण्यावारी गेलं. पण मग बायका आत येऊन हळूच विचारू लागल्या, मांस ताजं आहे ना? निळं मांस म्हणजे नासलेलं मांस, हे अफ्राच्या डोक्यातच आलं नव्हतं. खाटकाची मुलगी असून आलं नव्हतं. शनिवारी दुकान बंद झाल्यावर बाबांनी पाटी उतरवली, स्वच्छ धुतलेल्या अॅप्रनमध्ये गुंडाळली आणि कपाटामागे ठेवून दिली. पोपडे निघालेला बैल पुन्हा वर चढला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाव कापला. तेव्हापासून हा विषय दोघांमध्ये मेल्यासारखा पडून होता. महिन्याच्या त्या रविवारी ती त्या कपाटाकडे तोंड करून जेवायची.

पुडीतले चेस्टनट निवत चालले होते. काचेवरचं ऊन गेलं, आणि आत आता गाय स्वच्छ दिसत होती, बाबांच्या खांद्यावरून तिचं डोकं. हिने तोंड फिरवलेलं नव्हतं. ही एकटीच. गेल्या वसंतात अफ्राने ती एका बैठकीत रंगवली होती, आणि रंगवून झाल्यावर घामाघूम होऊन जिन्यात जाऊन बसली होती. ती कुरणातली गाय नव्हतीच. ती लहानपणची होती. बाबांना संध्याकाळचं जेवण डब्यातून नेऊन द्यायचं काम तेव्हा तिच्याकडे असे. आगगाडीतून आलेली गुरं रात्रभर कत्तलखान्याच्या छपराखाली बांधून ठेवत, सकाळपर्यंत. ती फाटकातून आत शिरली तेव्हा उतरतं ऊन छपराखालून आडवं आत आलं होतं. एका गाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्या-बदामी ठिपक्यांची, गावोगाव असते तशीच गाय. पण त्या उन्हात तिच्यावर एकही पांढरा ठिपका उरला नव्हता, ती शिंगांपासून खुरांपर्यंत तांबडी झाली होती, आणि ती बघत होती. विचारत काही नव्हती. नुसती, कोण आलंय ते बघत होती. अफ्रा किती वेळ उभी राहिली कुणास ठाऊक. मग मागून बाबा आले, गाईच्या शेपटीच्या मुळाशी त्यांनी हात टाकला, मग कमरेवर, मग कुशीत, वजन पुटपुटले, आणि तिच्या हातातला डबा घेतला. गाईच्या तोंडाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्या दिवशी अफ्राने मनाशी ठरवून टाकलं, बाबांना दिसत नाही. पुढे तिने जे जे रंगवलं ते सगळं, विचार केला तर, ह्या न दिसणाऱ्या माणसाला दाखवण्यासाठीच होतं. पिवळी गाय काय, निळा बैल काय. इतक्या माणसांच्या शहरात एकच प्रेक्षक धरून ती बसली होती.

प्रदर्शन भरलं आणि शहर हसायला लोटलं. हसणं चालेल, पण लोक थुंकतही होते. भलेभले, हॅटी घातलेले लोक आजूबाजूला बघून चित्रावर थुंकत. दालनाचा राखणदार श्टाडलर रोज संध्याकाळी ओलं फडकं घेऊन चित्रं पुसत फिरे आणि शिव्या घाली, थुंकणाऱ्यांना आणि चित्रकारांनाही. एका वर्तमानपत्राने लिहिलं की तांबड्या गाईचे जनक श्रीयुत लॉइब्ल ह्यांनी तातडीने डोळे तपासून घ्यावेत. चित्राखाली ‘अ. लॉइब्ल’ एवढीच सही होती. असला आगाऊपणा बाई करील असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. अफ्राने ते कात्रण थेक्लाला वाचून दाखवलं आणि दोघींनी श्रीयुत लॉइब्लच्या नावाने बिअर घेतली. ते कात्रण गुरांच्या बाजारातही पोचलं असेल, हे तिला आत्ता, ह्या क्षणी, रस्त्याच्या कडेला उभं राहून सुचलं. तिथे लॉइब्ल एकच होता. दलालांनी त्याला काय काय ऐकवलं असेल. आणि तो रविवारचा कोट घालून बघायला आला होता.

त्याच वेळी बाबांचा हात वर गेला.

त्यांनी हॅट डाव्या हातात घेतली आणि उजवा हात सरळ चित्रावर टाकला. अफ्राला तो हात पाठीआडूनही कळला. शेपटीचं मूळ. मग कंबर. मग मांडीपुढची घडी. बोटं दाबत, न चाचरता, एका जागेवरून दुसरीकडे. इथेही. इतक्या वर्षांनी, इथे येऊनही, ते वजनच बघत होते. आणि मग तिला श्टाडलर दिसला. तो दिवसभर थुंकणाऱ्यांवर डोळा ठेवून तापलेला होता. म्हातारा चित्र फाडतोय असं वाटून तो कोपऱ्यातून धावत आला आणि त्याने बाबांचं मनगट धरलं. पुडी कुठे पडली ते अफ्राला कळलं नाही. तिने रस्ता ओलांडला, एका गाडीवानाच्या शिव्या खाल्ल्या आणि दार ढकलून आत शिरली.

आत गर्दी गोळा झाली होती. बाबा मनगट सोडवून घ्यायचा प्रयत्नही करत नव्हते. एकट्या श्टाडलरने ते धरून ठेवणं शक्य नव्हतं, बाबांनी मनात आणलं असतं तर तो भिंतीला जाऊन लागला असता. पण ते नुसते उभे होते, आणि त्यांचं लक्ष श्टाडलरकडे नव्हतंच. मिशीला मेण लावलेला एक गृहस्थ मजेत म्हणाला, “अहो, सोडा त्यांना, सौदा चाललाय. काय मालक, किती भरेल गाय?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. प्रश्न धंद्याचा होता, म्हणून त्यांनी खरं ते उत्तर दिलं. “काहीच भरत नाही,” ते म्हणाले.

दालनभर हशा पिकला. अफ्रा दारात होती. तिला हवा होता तो शब्द तिला मिळाला होता, सगळ्यांच्या देखत. तिला वाटलं होतं असं काही ऐकल्यावर रडू येईल. रडू आलं नाही, आतून थंडगार वाटलं आणि थोडं हलकंही, दात काढून टाकल्यावर वाटतं तसं. चला, झालं एकदाचं. आता ह्या म्हाताऱ्याला इथून घेऊन जायचं. माणसांतून वाट काढत ती पुढे गेली.

“हात सोडा,” ती श्टाडलरला म्हणाली. “ते माझे वडील आहेत.”

“ते गाय ओरबाडत होते.”

“ओरबाडू द्या. गाय माझी आहे.”

श्टाडलरने हात सोडला. मेणाच्या मिशीवाला तिच्याकडे, मग सहीकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत राहिला. कोणीतरी मागे कुजबुजलं, बाई आहे. श्टाडलर बिचारा वरमला. थुंकीपायी आपण हैराण झालोय, चित्र नाही आवडत पण राखणं आपलं काम आहे, असं काहीबाही त्याने बाबांना सांगितलं. बाबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, तू बरोबर केलंस म्हणाले, आणि हॅट घालून बाहेर पडले.

ओडियन चौकाच्या दिशेने दोघं चालू लागली. बाबांची चाल मंद झाली होती, किंवा तिला आज ती दिसली. आज दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, त्यांनी सांगितलं. दलालांनी पेपरातलं वाचून दाखवलं. क्विरिन, म्हातारपणी चित्रं काढायला लागलास होय, डोळे तपासून घे, असं चाललं होतं. ते त्यांना लागलं नाही. मग एकाने सांगितलं की लोक त्यावर थुंकतात. ते लागलं. म्हणून कोण थुंकतंय ते बघायला आले. एवढं सलग ते तिच्याशी कधीच बोलले नव्हते, आणि पाव कापायला इथे पावही नव्हता. अफ्राने ठरवलं होतं की आता काही विचारायचं नाही. जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. पण चौकातल्या ट्रामच्या थांब्यापाशी दोघं उभी राहिली तेव्हा तिला राहवलं नाही.

“आणि तुम्ही वजन बघायला लागलात,” ती म्हणाली. तिला हे हसत म्हणायचं होतं. तसं ते निघालं नाही.

“वजन कुठलं?”

“हात टाकलात ना. मी बाहेरून बघत होते.”

बाबांनी रुळांकडे पाहिलं. “टाकला खरा,” ते म्हणाले. “ती बघायला लागली म्हणून टाकला.”

तिला कळलं नाही. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना दिसलं की तिला कळलेलं नाही.

“पोरी, जनावर बघतं,” ते म्हणाले. “रोज बघतं. तुला वाटलं मला दिसत नाही? पहिल्या दिवशी मी बापाबरोबर गेलो, असेन एवढासा, आणि एक बैल बघायला लागला. मी रडलो. बाप काही बोलला नाही. त्यानं माझा हात धरला न् बैलाच्या शेपटीपाशी दाबला. म्हणाला, इथं बघ, हातानं बघ. हातात मांस आलं की मग ते बघणं कमी होतं. मग धंदा करता येतो. मी तुलापण तेच शिकवलं. का ते बापानं सांगितलं नव्हतं, मग मीपण नाही सांगितलं.”

छपराखालचा तो हात अफ्राला दिसत होता, कमरेवर, कुशीत. तो हात घाबरलेला होता. तिने वर्षानुवर्षं त्या हातावर राग धरला होता, आणि तो हात घाबरलेला होता.

“ती आत बघायला लागली,” बाबा म्हणाले, “तसा मी हात टाकला. सवयीनं गेला. तर हाताखाली काय, नुसतं कापड. काहीच नाही. दाबलं, तरी काही नाही. आणि ती आपली बघतेच आहे.” त्यांनी उजवा हात कोटावर पुसला, कोटावर काही नसताना. “म्हणून त्या गृहस्थाला सांगितलं. खोटं कशाला बोलू?”

“रंग?” तिने विचारलं. “तांबडा?”

“तांबडीच असते,” ते म्हणाले. “संध्याकाळी तिथं छपराखाली सगळ्याच तांबड्या असतात. बरोबर काढलीस.”

बरोबर काढलीस. तिने हे दोन शब्द मनात धरले आणि आता छाती भरून यायला हवी होती, तशी ती आलीही. पण बाबा तिच्याकडे बघत होते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत तिने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. रागाचं ते नव्हतं. त्यांना तिच्याकडून काहीतरी हवं होतं. आयुष्यात त्यांनी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

“उद्या पहाटे कत्तलखान्याच्या यार्डात जायचंय,” ते म्हणाले. “डोंगराकडची गाडी येतीय, चांगली जनावरं आहेत म्हणे. जन्मभर गेलो. आता मी कसा जाऊ, ते तू मला सांग.”

त्यांनी ते अगदी साधेपणाने विचारलं, आणि उत्तरासाठी थांबले. ट्राम आली, दारं उघडून थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. दोघांपैकी कोणीच चढलं नाही.